विना-लिफ्ट पिकअपला २८५/७० आर १७ टायर : कामाच्या नोंदी

११ ऑक्टोबर

मूळ टायर संपत आलेत. खाचांची खोली कडेला तीन मिलिमीटर, मध्ये जेमतेम चार. बदलायचेच आहेत तर या वेळी मोठे आणि कच्च्या रस्त्याचे घ्यायचे, हे पक्कं केलं. बाकी गाडीला हात लावायचा नाही. गाडी स्प्रिंगपाशी उंच करणारं लिफ्ट किट नाही, बॉडी उचलणारे ठोकळे नाहीत, चाकामागे स्पेसर नाहीत. रिमसुद्धा मूळच्याच राहतील.

गाडीची कुंडली आधी लिहून ठेवतो, पुढचे सगळे आकडे तिच्यावरच उभे आहेत. लॅडर चेसिस, पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे त्रिकोणी हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सलग एक्सल आणि पाटे. फोर-व्हील ड्राइव्ह हवी तेव्हा लावायची, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) नाही. टायर २६५/६५ आर १७, रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट +३० (म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून ३० मिमी बाहेर).

एवढा खटाटोप मागच्या एक्सलसाठी आहे. अवजड वाहनांनी खोल पाडलेल्या चाकोऱ्यांतून जाताना मधला उंचवटा डिफरन्शियलच्या गोळ्याला खरवडतो. लिफ्ट किट लावलं की चेसिस वर जाते, बंपर वर जातो, दरवाज्याखालची पट्टी वर जाते. हा गोळा मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण तो चाकांच्या मध्याशी बांधलेला आहे. पोर्टल एक्सलसारखा (गिअर लावून एक्सल चाकाच्या मध्याच्या वर नेणारा) मोठा घाट सोडला तर तो वर न्यायला मोठ्या टायरशिवाय दुसरा इलाज नाही. उलट लिफ्टमुळे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचे कोन वाढतात, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि अलाइनमेंट मर्यादेच्या टोकाला जाते. माझी अडचण चेसिसची नाही, तर चेसिस उचलून काय करू?

१३ ऑक्टोबर

आज फक्त आकडेमोड. टायरच्या आकड्यातून व्यास काढणं सोपं आहे: पहिला आकडा मिमीमधली रुंदी, तिचे दुसऱ्या आकड्याइतके टक्के म्हणजे एका बाजूच्या भिंतीची उंची, ती दुप्पट करायची आणि रिमचा व्यास मिळवायचा. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी.

मूळ २६५/६५ आर १७ : ७७६ मिमी.
२६५/७० आर १७ : ८०३ मिमी.
२५५/७५ आर १७ : ८१४ मिमी.
२८५/७० आर १७ : ८३१ मिमी.

व्यास वाढतो त्याच्या निम्मंच एक्सल वर जातं. म्हणजे २६५/७० ने १३ मिमी, २५५/७५ ने १९ आणि २८५/७० ने २७. तेरा मिलिमीटरसाठी पाच नवे टायर घेणं मनाला पटत नाही. २५५/७५ मला मनापासून आवडतो. उंच आणि अरुंद टायर वळताना कमी घासतो, चिखल कापत खाली पकड शोधतो, वजनालाही हलका असतो. पण हा आकार मला सी श्रेणीत (सी, ई ही टायरच्या भार पेलण्याच्या ताकदीची श्रेणी) मिळतोय, त्यावर भाराचा निर्देशांक १११ आहे, म्हणजे एका टायरला १०९० किलो. मूळ टायरचा निर्देशांक ११२, म्हणजे ११२० किलो. हिशोबाने माझ्या एक्सलला १०९० पुरतात, तरी गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याखाली जायचं नाही हा माझा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी कायदा आणि विमाही हेच बघतो.

उरला २८५/७०. सी श्रेणीत निर्देशांक ११६/११३. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. मला पहिलाच लागू, १२५० किलो. ई श्रेणीत हाच आकार १२१/११८ मध्ये येतो, १४५० किलोचा. ‘दहा प्लायचा घे, फाटणार नाही’ असं सगळे सांगतात, म्हणजे हाच ई. ई चा टायर जड असतो, त्याची भिंत ताठ असते आणि त्याची क्षमता ८० पीएसआय हवेवर मोजलेली असते. माझ्या गाडीचं वजन तेवढं कधीच होणार नाही. मोकळ्या गाडीत तो टायर दगडासारखा उडत राहील. सी घेतो.

रिमचाही प्रश्न सुटला. २८५/७० ला साडेसात ते नऊ इंच रिम चालते, आपली साडेसात बरोबर खालच्या काठावर बसते. त्यात फायदाच आहे. या मापाची छापील रुंदी साडेआठ इंची रिमवर मोजतात आणि रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायर साधारण पाच मिलिमीटरने आवळतो. म्हणजे आपल्या रिमवर तो दहा मिमी कमी फुगेल.

१७ ऑक्टोबर

हा दिवस मापांचा. ‘बसतो का?’ असं विचारलं की लोक उभ्या गाडीचा, सरळ चाकांचा फोटो दाखवतात. सरळ उभ्या चाकात जागा भरपूर असते, त्यावरून काहीच ठरत नाही. टायर बसतो की नाही हे स्टेअरिंग पूर्ण वळलेलं आणि स्प्रिंग पूर्ण दबलेला असताना ठरतं. दोन्ही एकाच वेळी.

आधी सपाट जमिनीवर, स्टेअरिंग एका टोकापर्यंत फिरवून, पुढच्या उजव्या चाकाभोवतीची जागा मोजली. चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिक अस्तराचा, म्हणजे लायनरचा, मागचा खालचा कोपरा : ३४ मिमी. बंपरचा खालचा कोपरा : ४१. मडफ्लॅप : २२. टायरची आतली भिंत आणि वरचा विशबोन : २९. डाव्या चाकाची मापं दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने तीच. हा फरक बहुतेक कॅबिनच्या रबरी माउंटवरच्या बसण्याचा.

मग पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक जाड लाकडी ओंडक्यांवर चढवलं, म्हणजे गाडी तिरकी पिळली जाते आणि पुढचा स्प्रिंग दबतो. बंप स्टॉप (स्प्रिंगचा दाब थांबवणारा रबरी ठोकळा) आणि विशबोनमधलं अंतर २५ वरून ४ मिमीवर आलं. जवळजवळ पूर्ण दाब. याच अवस्थेत स्टेअरिंग टोकाला नेऊन पुन्हा मोजलं. लायनरचा मागचा कोपरा आता २१ वर, बंपर ३३ वर.

नवा टायर त्रिज्येत २७ मिमी खाणार. म्हणजे कागदावर मागच्या कोपऱ्यात सहा मिलिमीटर घासणार, मडफ्लॅपला तर गाडी उभी असतानाच टेकणार. बंपरला सहा मिमी वाचतात. आतल्या विशबोनला धोका नाही. लायनर आणि त्यामागच्या पत्र्याचं काम करावं लागणार हे आजच कळलं, आणि ते करता येण्यासारखं आहे.

ऑफसेटबद्दल इथेच लिहितो, कारण बहुतेकांचं गणित इथे बिघडतं. मोठ्या टायरबरोबर लोक शून्य किंवा उणे ऑफसेटच्या रिम घेतात, चाक बाहेर आलेलं रुबाबदार दिसतं. पण चाक वळतं ते बॉल जॉइंटच्या अक्षाभोवती. चाक त्या अक्षापासून जितकं बाहेर, तितकी वळताना त्याची फेरी मोठी, आणि नेमकी ती फेरी मागच्या कोपऱ्यात आणि बंपरमध्ये घुसते. शिवाय बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. मूळ +३० रिम ठेवणं हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी निर्णय आहे, असं मला वाटतं.

१९ ऑक्टोबर

पाच टायर सांगितले. चार नव्हे, पाच. पार्ट-टाइम फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात; त्यात एखादं चाक सात टक्क्यांनी लहान असेल तर सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि डिफरन्शियलवर जातो. स्टेपनी त्याच मापाची हवी.

२६ ऑक्टोबर

टायर चढले. रिमवर घालण्याआधी प्रत्येकाच्या भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाचला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही एकाच वर्षाचे, आठवडे जवळजवळचे.

टायर लावणाऱ्याला पिवळा ठिपका व्हॉल्व्हच्या अगदी शेजारी आणायला सांगितलं. पिवळा ठिपका म्हणजे टायरची सगळ्यात हलकी जागा. व्हॉल्व्हची बाजू थोडी जड असते, दोन्ही एका जागी आणले की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. तीन चाकांना अगदी थोडं शिसं लागलं. एका चाकाला बरंच लागत होतं, म्हणून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला लावला आणि ते निम्म्यावर आलं. एवढा वेळ द्यायला लावावा. मोठ्या टायरचं असंतुलन स्टेअरिंगमध्ये जास्त जाणवतं, आणि पुढे अलाइनमेंटला नावं ठेवली जातात.

काट्यावर वजन केलं. जुनं चाक रिमसकट २८.५ किलो, नवं ३५.५. चाकामागे सात किलो. ही वाढ स्प्रिंगच्या खालची आणि फिरणारी आहे, गाडीत सात किलोची पिशवी ठेवण्याशी तिची बरोबरी होत नाही. शॉकला हे वजन प्रत्येक खड्ड्यात आवरावं लागेल.

नट हाताने लावले, चाक हवेत असताना चांदणीच्या क्रमाने टेकवले, मग जमिनीवर टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर. हवा दाबाने चालणाऱ्या गनने शेवटचा आवळ द्यायचा नाही.

हबचा मध्य जमिनीपासून ३६६ होता, आता ३९१. पंचवीस मिमी. कागदावरच्या सत्तावीसपैकी दोन टायर खाली दबण्यात गेले. डिफरन्शियलच्या गोळ्याखाली २१५ होते, आता २४०.

२७ ऑक्टोबर

घासण्याची तपासणी. मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या गोळ्या केल्या, बोटाच्या पेराएवढ्या, आणि लायनरच्या मागच्या कोपऱ्यावर, बंपरच्या आतल्या काठावर, कॅबिन माउंटच्या तोंडावर आणि वरच्या विशबोनवर चिकटवल्या. टायरच्या खांद्यावर ओला खडू फिरवला. मातीचा गोळा किती चेपला त्यावरून अंतर कळतं, आणि खडूच्या डागावरून टायरचा नेमका कोणता भाग लागला ते कळतं.

मडफ्लॅप आधीच काढले होते. सपाट जमिनीवर दोन्ही टोकांना स्टेअरिंग फिरवलं : गोळे चेपले, पण कुठेही टायर टेकला नाही. मग पुन्हा ओंडके. धाकटा भाऊ स्टेअरिंगवर बसला, मी बॅटरी घेऊन खाली वाकलो. चाकामागे पाचरी लावलेल्या, आणि स्टेअरिंग फिरत असताना माझे हात बाहेर, हा नियम दोघांनी आधीच ठरवला होता.

‘दादा, अजून अर्धा फेरा आहे,’ तो म्हणाला.

‘सावकाश. थांब म्हटलं की थांब.’

शेवटच्या पाव फेऱ्यात टायरच्या खांद्यावरचा एक ठोकळा लायनरच्या कोपऱ्यावर चढला. प्लास्टिक आत दबलं, किर्र आवाज आला आणि तिथला गोळा कागदासारखा चपटा झाला. काढून पाहिला तर त्यात रबराच्या ठोकळ्याचा काठ नि त्यावरची बारीक खाच उमटलेली, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शिवणीची उभी रेघ. त्या एका गोळ्याने पुढचं सगळं काम सांगितलं : प्लास्टिक मागे सरकलं तरी त्यामागे पत्र्याची उभी कड आहे आणि टायर शेवटी तिलाच भिडणार.

खडूचा डाग लायनरवर चार बोटं लांब आणि दोन बोटं रुंद. बंपरच्या आतला गोळा पाच मिलिमीटरवर चेपलेला, हिशोबाने सहा हवे होते. कॅबिन माउंटपाशी सर्वांत बारीक, चार मिलिमीटर. विशबोनजवळचा गोळा जसाच्या तसा.

रिव्हर्समध्येही बघितलं. पुढे जाताना न लागणारा टायर मागे घेताना लागू शकतो, कारण ब्रेक आणि ओढ यांनी रबरी बुश दबतात आणि चाक काही मिलिमीटर मागे-पुढे सरकतं. उजव्या बाजूला रिव्हर्समध्ये घासण्याचा आवाज थोडा आधी सुरू झाला.

१ नोव्हेंबर

लायनर आणि शिवण.

लायनर जागेवरच तापवून दाबायचा मोह होतो, पण आधी तो पूर्ण उतरवला. एका बाजूला त्याच्या मागे काचेवर फवारायच्या पाण्याची टाकी आहे आणि दुसऱ्या बाजूला वायरिंगचा जाड जुडगा, नेमका जिथे प्लास्टिक मागे ढकलायचंय तिथेच. जुडग्याची क्लिप सोडून तो दोन इंच वर बांधला, भोवती नळीदार आवरण घातलं.

शिवण म्हणजे दोन पत्रे एकत्र आणून वेल्ड केलेली बोटभर रुंद उभी कड. हातोडी आणि लाकडी ठोकळ्याने ती थोडी थोडी करत मागे झोपवली. एका जागी जोरात मारलं की वेल्ड उकलतो. झोपवल्यावर रंगाला बारीक तडे गेले, ते जाणारच. सगळं वाळूकागदाने उघडं करून झिंक प्रायमर, मग सीम सीलर, मग रंगाचे दोन हात. हा भाग कुणी गाळतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. चिखलपाणी उडणारी ही जागा आहे. उघडा पत्रा आतून गंजत कॅबिनच्या तळापर्यंत जातो आणि बाहेरून लायनर लावलेला असल्याने दिसतही नाही.

लायनर परत लावून हीट गनने कोपरा मऊ केला आणि जाड कापडात गुंडाळलेल्या लाकडाने मागे दाबून गार होईपर्यंत धरून ठेवला. गन एका जागी धरायची नाही, प्लास्टिक चमकायला लागलं की हलवायची. कोपरा चौदा मिलिमीटर मागे गेला.

कॅबिन माउंट कापायचा सल्लाही पुष्कळ ठिकाणी मिळतो : कोपरा कापून वर पट्टी वेल्ड करायची. ज्या कंसावर अख्खी कॅबिन बसली आहे तो चेसिसचा भाग कापायला मी तयार नाही. अपघातात त्याचं काय होईल ते कुणी मोजलेलं नसतं. चार मिलिमीटर कमी आहेत हे खरं, त्याला दुसरा मार्ग आहे.

३ नोव्हेंबर

तो मार्ग म्हणजे कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन. खालच्या विशबोनच्या दोन्ही बोल्टना विक्षिप्त (छिद्र मध्यावर नसलेल्या) चकत्या आहेत, त्या फिरवून खालचा बॉल जॉइंट पुढे नेता येतो. तो पुढे गेला की कॅस्टर वाढतो आणि चाकही पुढे सरकतं, म्हणजे मागच्या कोपऱ्यापासून आणि कॅबिन माउंटपासून दूर.

अलाइनमेंटच्या मशीनवर सुरुवातीला कॅस्टर डावीकडे २.९ अंश, उजवीकडे ३.१. करणाऱ्या मुलाला आधीच सांगितलं होतं की स्क्रीन हिरवी झाली म्हणून थांबू नकोस. कॅस्टर मर्यादेत राहून जितका पुढे जाईल तितका ने, मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) जुळव, टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत की बाहेर) सगळ्यात शेवटी. त्याने मन लावून केलं. ३.८ आणि ३.९ वर आणलं. टेपने मोजलं तर चाक पाच मिलिमीटर पुढे आलेलं. वाढलेल्या कॅस्टरमुळे वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येण्याची ओढही वाढली, आणि जड टायरला ती हवीच होती.

संध्याकाळी पुन्हा ओंडके आणि माती. कॅबिन माउंट नऊ मिमी. लायनरचा कोपरा अकरा. बंपरची जागा साहजिकच कमी झाली, गोळा एका मिलिमीटरपर्यंत चेपला. बंपरच्या आतला प्लास्टिकचा खालचा ओठ मापाने कापला, पंधरा मिमीची पट्टी, बाहेरून दिसतही नाही. कापलेली कड पॉलिशपेपरने गोल केली.

४ नोव्हेंबर

शंभरएक किलोमीटर झाले. नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले. दोन किंचित फिरले, बाकी जागच्या जागी.

९ नोव्हेंबर

स्पीडोमीटर. टायरचा परीघ सात टक्क्यांनी वाढला, म्हणजे काटा पूर्वीइतकाच दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सात टक्के जास्त पळते. स्पीडोमीटर मुळात थोडा जास्त दाखवण्यासाठीच बांधलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीच कमी नसावा. जुन्या टायरवर काटा १०० असताना जीपीएस ९६ सांगत होता. आता काटा १००, जीपीएस १०३. तीन किलोमीटरचा फरक लहान वाटतो, पण तो चुकीच्या बाजूला आहे. नियंत्रक युनिटमध्ये टायरचा परीघ बदलून घेतला. आता काटा १०० असताना जीपीएस ९७.

दुरुस्तीआधीचं ओडोमीटरचं वाचन वेगळं लिहून ठेवलंय. नवे टायर चढल्यापासून दुरुस्तीपर्यंतच्या प्रत्येक अंतराला १.०७ ने गुणायचं.

ब्रेक. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, त्याच वेगावरून जोरात ब्रेक मारून पाहिला. पेडल पूर्वीपेक्षा जास्त दाबावं लागतं. डिस्क तीच, कॅलिपर तेच, मात्र टायरची त्रिज्या वाढल्याने जमिनीपाशी पोचणारी ब्रेकची ताकद साडेसहा टक्क्यांनी घटते, वर फिरणारं वजन वाढलेलं. एबीएस नीट चालतं, चारही चाकं एकाच प्रमाणात बदललीत. ओलं असताना मी आता पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवतो. भरलेल्या गाडीला डोंगर उतरताना गिअर एक खाली ठेवतो.

१६ नोव्हेंबर

हवा किती ठेवायची, हा प्रश्न दरवाज्यावरच्या स्टिकरने सुटत नाही. तो आकडा मूळ टायरचा आहे. माझ्या नव्या टायरसारख्या एलटी (हलक्या ट्रकच्या) प्रकारच्या टायरला तोच भार उचलायला जास्त हवा लागते. किती, ते टायर बनवणाऱ्याच्या भार-दाब तक्त्यात असतं. तक्त्याने सांगितलेला किमान आकडा तळ धरला आणि त्यावर खडूने शोध घेतला.

टायरच्या पूर्ण रुंदीवर खडूची जाड आडवी रेघ ओढायची, सरळ सपाट रस्त्यावर थोडं अंतर जायचं, उतरून बघायचं. मधली रेघ पुसली आणि कडेची राहिली तर हवा जास्त. उलट झालं तर कमी. पुढे ४० पीएसआयला कडेचा खडू शिल्लक होता, ३६ ला रेघ एकसारखी पुसली. मागे मोकळ्या गाडीत ३५ ला एकसारखी, मात्र मी ३६ ठेवतो, चारही सारखे राहिले की लक्षात राहतं. हौदा भरलेला असताना मागे ४४. ही सगळी मापं थंड टायरची, सकाळी गाडी हलण्याआधीची.

हवेचा इशारा देणारे सेन्सर नव्या आकड्यांना जुळवून घेतले, नाहीतर तीस पीएसआयलाही ते गप्प बसले असते.

२३ नोव्हेंबर

ज्यासाठी हे केलं त्या रस्त्यावर गेलो. हौद्यात पाण्याचे कॅन आणि अवजारं, मागचे पाटे बऱ्यापैकी दबलेले. हवा २२ पीएसआयवर उतरवली. हवा उतरवली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, आणि पकड त्या लांबीतून येते. वेग अर्थातच कमी ठेवायचा, तीक्ष्ण वळण वेगात घ्यायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो.

चाकोरीचा तो उंचवटा, जिथे दर वेळी खालून खरवडल्याचा आवाज यायचा, तिथे उतरून खाली पाहिलं. गोळा आणि माती यांच्यामध्ये हाताचा पंजा आडवा जात होता. पूर्वी तिथे गवत चिरडून गोळ्याला हिरवा लेप लागलेला असायचा.

पुढे एका घळीत उजवं पुढचं चाक खाली आणि स्टेअरिंग जवळजवळ टोकाला, अशी अवस्था आली. एकदा हलका ‘फर्र’ आवाज आला. परत आल्यावर लायनर पाहिला : दाबलेल्या कोपऱ्यापासून हातभर वर, चाकाच्या कमानीत, प्लास्टिक एका रुपयाएवढं गुळगुळीत झालेलं. खाचांत अडकलेल्या चिखलाचा तो थर होता. रबराचा ठसा तिथे नाही. हेही हिशोबात धरायला हवं. टायर स्वच्छ असताना मोजलेले अकरा मिलिमीटर चिखलात सहा-सात उरतात. बर्फाच्या साखळ्यांना तर आता जागाच नाही. ज्याला त्या लागतात त्याने या मापाच्या वाटेला जाऊ नये, २६५/७० वर थांबावं.

परतताना कॉम्प्रेसरने पुन्हा ३६.

३० नोव्हेंबर

स्टेपनी जागेवर गेली. हौद्याखालच्या साखळीवर वर ओढताना मागच्या हुकच्या कंसाला टेकत होती. थोडी हवा काढून, चाक पुढे ढकलत वर घेतलं आणि बसल्यावर हवा भरली. एक्झॉस्टच्या उष्णतारोधक पत्र्यापासून दोन बोटं अंतर आहे. लांबच्या प्रवासानंतर लगेच हात लावून पाहिला, रबर कोमट होतं, त्याहून जास्त नाही. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला ठेवलाय, हवा तपासायला स्टेपनी उतरवावी लागणार नाही.

२१ डिसेंबर

मडफ्लॅप परत लावले. त्यांच्याशिवाय मागच्या गाडीवर दगड उडतात, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्यालाही ते हवेत. मूळचे कडक प्लास्टिकचे बसत नव्हते, म्हणून मऊ रबराच्या पट्टीतून कापून बनवले, मूळच्या छिद्रांवरच, कोपऱ्यात तिरका छेद देऊन. चाक कधी लागलंच तर ते वाकतात.

इंधन. स्पीडोमीटरच्या दुरुस्तीआधीच्या शेवटच्या पूर्ण टाकीत ओडोमीटर ५१२ किमी दाखवत होता, खरे ५४८, लिटर ५४.२. म्हणजे लिटरला १०.१. जुन्या टायरवर ११.१ पडायचे. नऊ टक्के घट. दुरुस्ती न करता भागलं असतं तर ९.४ आले असते आणि उगाच धसका बसला असता.

डिफरन्शियलचं ४.१० गुणोत्तर या टायरवर ३.८३ सारखं वागतं. मोकळ्या रस्त्यावर इंजिन जरा शांत चालतं. चढावर भरलेल्या गाडीला पाचवा गिअर पूर्वीपेक्षा लवकर सोडावा लागतो. गिअर उशिरा बदलण्याची सवय अंगवळणी पडली की अडत नाही. जो रोज ट्रेलर ओढतो त्याला हे अडेल.

पहिला अदलाबदल केला, स्टेपनीसकट पाचही चाकांचा. खाचांची खोली प्रत्येक चाकावर तीन ठिकाणी मोजून वहीत लिहिली. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या खांद्यावर आणि मध्यभागी फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी आहे, म्हणजे टो आणि हवा दोन्ही ठीक. पुढच्या शॉकवर तेलाचा ओलावा नाही, बॉल जॉइंटमध्ये ढिलाई नाही, शिवणीवरचा सीलर अखंड. पुढची तपासणी आठ हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यानंतर लायनर उतरवून शिवण आतून एकदा बघायची.